विश्लेषण : मतदारसंघांच्या सीमा नागरिकांनीच आखल्या तर? मिशिगनच्या प्रयोगाने काय साधले, कोणाचे नुकसान झाले?

जनगणना दहा वर्षांनी, मतदारसंघांची फेररचनाही दहा वर्षांनी, हा अमेरिकेतील संकेत २०२५ मध्ये पुन्हा एकदा मोडला गेला. टेक्सासमध्ये रिपब्लिकन पक्षाने दशकाच्या मधोमध नवा नकाशा मंजूर केला. उत्तरादाखल कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक पक्षाने थेट मतदारांचा कौल घेतला आणि राज्यातील स्वतंत्र आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला. मिझुरी आणि नॉर्थ कॅरोलायनानेही तीच वाट धरली. या धामधुमीत मिशिगन मात्र जागचे हलले नाही. तिथे सीमा आखण्याची पेन्सिल आमदारांच्या हातून काढून १३ सामान्य नागरिकांच्या हाती दिलेली आहे. हा प्रयोग आदर्श म्हणून सांगितला जातो. डेट्रॉइट शहरात मात्र त्याविषयी वेगळे ऐकू येते.

सीमारेषेला इतके महत्त्व का?

अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा आहेत. जनगणनेनंतर त्या लोकसंख्येनुसार राज्यांना वाटल्या जातात. राज्याच्या आत रेषा कुठे ओढायच्या, हे बहुतेक ठिकाणी राज्याचे विधिमंडळच ठरवते. म्हणजे ज्यांना निवडून यायचे, तेच आपले मतदार निवडतात. एका राज्यातील मतदारसंघांची लोकसंख्या समान हवी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये घातला. पण लोकसंख्या समान ठेवूनही हवा तो निकाल काढता येतो.

समजा, एका गावात ५० मतदार आहेत. ३० ‘अ’ पक्षाचे, २० ‘ब’ पक्षाचे. प्रत्येकी दहा मतदारांचे पाच वॉर्ड करायचे आहेत. दोन वॉर्डांत ‘अ’चे नऊ-नऊ मतदार कोंबले, तर ‘अ’चे १८ मतदार तिथेच संपतात. उरलेल्या तीन वॉर्डांत ‘ब’चे सहा-सहा आणि ‘अ’चे चार-चार. मते कमी असूनही ‘ब’ पक्ष पाचपैकी तीन वॉर्ड जिंकतो. कोंबणे आणि विखुरणे, या दोनच क्लृप्त्यांवर सगळा खेळ चालतो. त्याला ‘गेरीमँडरिंग’ म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आखलेला एक मतदारसंघ सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसत होता, त्यावरून हे नाव पडले. तेव्हा नकाशे हाताने काढत. आता संगणकावर गल्लीनिहाय मतांचा अंदाज घेऊन रेषा सरकवता येते.

मिशिगनमध्ये आधी काय घडत होते?

२०११ चा नकाशा रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने केला. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, काँग्रेसच्या निवडणुकीत राज्यातील निम्म्याहून किंचित जास्त मते डेमोक्रॅटिक उमेदवारांना मिळाली. जागा मात्र १४ पैकी पाच. नंतर एका खटल्याच्या निमित्ताने नकाशा आखणाऱ्यांच्या वर्तुळातील ईमेल बाहेर आले. विरोधी मतदारांना डेट्रॉइट परिसरातील मोजक्या मतदारसंघांत कोंबण्याविषयी त्यांत ज्या भाषेत लिहिले होते, ती वाचल्यावर हेतूबद्दल फारशी शंका उरत नव्हती.

एप्रिल २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने हा नकाशा घटनाबाह्य ठरवला. पण दोनच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने ‘रूचो’ खटल्यात सांगून टाकले की, पक्षीय हेतूने केलेल्या सीमारचनेचा निवाडा करणे हे संघीय न्यायालयांचे काम नाही. दाद मागायचा एक मोठा दरवाजा बंद झाला.

मिशिगनच्या मतदारांनी दुसरा दरवाजा त्याआधीच उघडला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फेही या तरुणीने फेसबुकवर लिहिले की, आपल्याला राज्यातील गेरीमँडरिंगविरुद्ध काही करायचे आहे. कोणाला सोबत यायचे असेल तर कळवा. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली. स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतांनी राज्यघटनेत दुरुस्ती झाली.

आयोगात कोण असते?

चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि कोणत्याही पक्षाशी न जोडलेले पाच जण. मागील सहा वर्षांत निवडणूक लढवलेले, पक्षाचे पदाधिकारी, लॉबिस्ट आणि त्यांचे जवळचे नातेवाईक अपात्र. अर्जदारांतून २०० जणांची यादी निघते, विधिमंडळातील चार नेत्यांना प्रत्येकी पाच नावे खोडता येतात आणि मग सरळ सोडत. नकाशा मंजूर व्हायला बहुमत लागतेच, शिवाय तिन्ही गटांतील किमान दोन-दोन मते लागतात.

निकषांचा क्रमही घटनेतच आहे. आधी समान लोकसंख्या आणि मतदान हक्क कायदा, मग सलगता, त्यानंतर समान हितसंबंध असलेल्या वस्त्या एकत्र ठेवणे, त्यानंतर कोणत्याही पक्षाला अवाजवी फायदा न होणे. काउंटी आणि शहरांच्या हद्दी त्याही खाली येतात. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा वाद त्यातूनच उगवला.

पक्षीय समतोल साधला का?

साधला. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा घटून १३ झाली. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने काँग्रेससाठी ‘चेस्टनट’ नावाचा नकाशा स्वीकारला. २०२२ मध्ये डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६. २०२४ मध्ये राज्य डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे झुकले आणि आकडे उलटले: रिपब्लिकन ७, डेमोक्रॅट ६. मतदारांचे मन बदलले की जागाही बदलतात, एवढी साधी अपेक्षा इथे पूर्ण झाली.

मग डेट्रॉइटची तक्रार काय?

डेट्रॉइटमध्ये दर चार रहिवाशांपैकी तिघांहून अधिक कृष्णवर्णीय आहेत आणि शहर एकगठ्ठा डेमोक्रॅटिक मते देते. शहर दोन-तीन मतदारसंघांत बंद ठेवले, तर त्या पक्षाची हजारो मते तिथेच वाया जातात आणि उर्वरित राज्य रिपब्लिकनांकडे कलते. ही मते उपनगरांत पसरली, तर पक्षीय समतोल येतो. पण समतोल डेट्रॉइटच्या माणसाला काय देतो? शहराच्या उत्तर हद्दीवर एट माइल रोड आहे; एमिनेमच्या चित्रपटामुळे हे नाव आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. या रस्त्याच्या एका बाजूला प्रामुख्याने कृष्णवर्णीय शहर, दुसऱ्या बाजूला बरीचशी गोरी उपनगरे. राज्य विधिमंडळाचे अनेक नवे मतदारसंघ हा रस्ता ओलांडून गेले.

अशा मतदारसंघात नोव्हेंबरची निवडणूक डेमोक्रॅटच जिंकणार हे ठरलेले असते. खरी लढत होते ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीत, पक्षाचा उमेदवार ठरताना. तिथे कृष्णवर्णीय मतदार अल्पसंख्य झाले, तर पक्ष जिंकतो आणि त्यांचा माणूस मात्र मागे पडतो. आयोगाच्या सल्लागारांचे म्हणणे होते की, निम्म्याहून कमी प्रमाण असले तरी या समाजाचा पसंतीचा उमेदवार निवडून येऊ शकतो. प्राथमिक निवडणुकीचे गणित या सल्ल्यात बसत नव्हते. सुनावण्यांमध्ये शहरातील लोक नेमके हेच सांगत होते.

काँग्रेसच्या नकाशातही डेट्रॉइटचे पूर्वीचे दोन कृष्णवर्णीय-बहुल मतदारसंघ गेले. नव्या १२ व्या आणि १३ व्या, दोन्हींत त्यांचे प्रमाण निम्म्याखाली आले. २०२२ मध्ये १३ व्या मतदारसंघाच्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते. मते फुटली आणि सुमारे २८ टक्के मतांवर विजयी झाले श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र लिहिणारे हे उद्योजक काँग्रेसमध्ये पोहोचले, याचे मराठी माणसाला कौतुक वाटले. त्याच दिवसाची डेट्रॉइटमधील बातमी दुसरी होती: १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेल्यापासून प्रथमच शहराला कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहणार नव्हता. दोष सगळा नकाशाचा नव्हे. अनेक कृष्णवर्णीय उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचा पैसा भरपूर ओतला. पण सीमा जुन्या असत्या, तर लढतीचे रूप वेगळे असते.

न्यायालयाने काय म्हटले?

राज्य विधिमंडळाच्या नकाशाविरुद्ध डेट्रॉइट परिसरातील मतदार न्यायालयात गेले. डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय पीठाने प्रतिनिधीगृहाचे सात आणि सेनेटचे सहा, असे १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. तिथे रेषा प्रामुख्याने वंशाचे प्रमाण पाहून ओढल्या गेल्या, हे त्याचे कारण. पुरावा होता आयोगाच्याच उघड बैठकांमधील संभाषणांचा. आमदारांनी बंद खोलीत काम केले असते, तर इतके स्पष्ट काही हाती लागले नसते. अर्थात आयोगही पूर्ण उघडा नव्हता: ऑक्टोबर २०२१ मधील एका बंद बैठकीचे ध्वनिमुद्रण जाहीर करण्याचा आदेश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. काँग्रेसचा नकाशा या खटल्यात नव्हता. तो कायम राहिला.

आता वाद कशावर?

कॅलिफोर्नियातही २०१० पासून काँग्रेसच्या सीमा नागरिकांचा आयोगच आखत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सुमारे ६४ टक्के मतदारांनी ‘प्रस्ताव ५०’ मंजूर केला. समोरचा पक्ष टेक्सासमध्ये पाच जागा ओढत असताना आपण नियम पाळत बसायचे का, हा त्यांचा सवाल. त्या आयोगाच्या उभारणीत पुढाकार घेणारे माजी गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर स्वतः रिपब्लिकन. त्यांनी प्रस्तावाला विरोध केला. एका राज्यातील लबाडीवर दुसऱ्या राज्यात लबाडी हे उत्तर नव्हे, हा त्यांचा मुद्दा. सवाल गैरलागू नाही. पण तो मान्य केला, तर आयोग फक्त निवांत काळापुरताच उरतो.

भारतात परिसीमन आयोगावर निवृत्त न्यायाधीश आणि निवडणूक आयुक्त असतात. खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. त्यामुळे गेरीमँडरिंगची भाषा आपल्याकडे कमी ऐकू येते. इथला मोठा वाद कोणत्या राज्याला किती जागा, हा आहे.

मिशिगनमध्ये वादाचे टोक वेगळे आहे. तिथे आयोग रद्द करा, अशी डेट्रॉइटच्या तक्रारदारांची मुख्य मागणी नव्हती. त्यांना रेषा बदलून हव्या होत्या. २०२४ च्या सुरुवातीला आयोगाने प्रतिनिधीगृहाचे मतदारसंघ नव्याने आखले आणि त्याच वर्षी त्यावर निवडणूक झाली. सेनेटचा दुरुस्त नकाशा २०२६ च्या निवडणुकीपासून लागू होतो. काँग्रेसचा ‘चेस्टनट’ नकाशा २०३० च्या जनगणनेपर्यंत आहे. त्यानंतर पुन्हा सोडत निघेल आणि नवे १३ जण पेन्सिल हाती घेतील.