राखणदारानेच रोखे घेतले तर?

आता प्रश्न असा, की कर्जरोखेधारकांचं हित राखायला नेमलेली बँक, म्हणजे विश्वस्त, तेच रोखे स्वतःसाठी घेऊ शकते का? आपलं मन चटकन ‘नाही’ म्हणतं. आपल्या १८८२च्या न्यास कायद्याचं कलम ५१ विश्वस्ताला न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा नफा करू देत नाही ना! पण अमेरिकेचा १९३९चा ट्रस्ट इंडेंचर कायदा बघा. विश्वस्ताकडे कंपनीचे मतदानाचा हक्क असलेले ५ टक्के शेअर असले, किंवा त्याने कंपनीला वेगळं कर्ज दिलेलं असलं, तर साधारणपणे तो हितसंबंधांचा संघर्ष धरतात. कंपनीने देणं थकवलं, की ९० दिवसांत तो संपवायचा, नाहीतर पद सोडायचं. हे रोखे मात्र त्या मोजणीतून वगळलेत. का? वेगळं कर्ज देणारा आपले पैसे आधी काढून घ्यायला बघेल. तेच रोखे धरणारा इतरांबरोबरच बुडतो किंवा तरतो. आम्हाला हे पटतं. खटकतं ते एवढंच: कंपनी अडचणीत आहे हे विश्वस्ताला आधी कळलं, आणि त्याने गुपचूप आपले रोखे विकून टाकले तर? तिथे ही सूट काही सांगत नाही. रोखेबाजारातले फसवणुकीविरुद्धचे नियमच पुढे आणावे लागतात.