चित्राचा पत्ता कोठून मोजायचा?

अमरावतीहून आलेल्या पत्रात 'चौकातून डावीकडे दुसरी गल्ली' असे असेल, तर आपण राजकमल चौक धरतो. पत्र अकोल्यात बसून वाचत असलो तरी! पत्ता जिथे लिहिला तिथून मोजायचा. संकेतस्थळ तयार करताना नेमके हेच निसटते.

समजा, दर्यापूरच्या एका शाळेला मुलांनी काढलेला पूर्णा नदीचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर मथळ्यामागे लावायचा आहे. पानाचा मजकूर एका फाइलीत असतो. रंग, अक्षरे, मागचे चित्र अशी सजावट दुसऱ्या फाइलीत, म्हणजे स्टाइलशीटमध्ये असते. मजकुराचे पान मुख्य फोल्डरमध्ये, स्टाइलशीट 'सजावट' फोल्डरमध्ये आणि नकाशा 'चित्रे' फोल्डरमध्ये आहे. पानात 'चित्रे/पूर्णा.जेपीजी' लिहिले की नकाशा दिसतो. तोच पत्ता स्टाइलशीटमध्ये लिहिला की नाहीसा होतो, कारण ब्राउझर आता 'सजावट'च्या आत 'चित्रे' शोधू लागतो. तेथे '../चित्रे/पूर्णा.जेपीजी' लिहावे लागते. दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर. फळ्यावर फोल्डरांची वंशावळ काढली तर सातवीच्या मुलांनाही हे पटते.

आता खरी मेख. पूर्णा सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते. नकाशात बाण चुकून पूर्वेकडे पडला. शाळेने तो सुधारून त्याच नावाने ठेवला. पण ब्राउझर एकदा आणलेले चित्र जपून ठेवतो. ज्यांनी आधी पान उघडले होते, त्यांची नदी कित्येक दिवस उलटीच वाहत राहील.

यावर 'रेल्स' या फ्रेमवर्कने (संकेतस्थळाचा तयार सांगाडाच म्हणा) २०११ मध्ये ३.१ या आवृत्तीत एक सोय दिली. चित्रातील मजकडून, म्हणजे त्याच्या आतल्या माहितीवरून, गणिताने एक खूण काढून ती नावाला जोडायची: 'पूर्णा-९०३१७…'. बाण बदलला की खूण बदलते, नाव बदलते आणि ब्राउझरला नवे चित्र आणावेच लागते.

मात्र हाताने लिहिलेला पत्ता जुन्याच, बिनखुणेच्या नावाचा असतो. स्वतःच्या संगणकावर चित्र दिसते, सर्व्हरवर मात्र नाही; नवख्यांची रात्र यातच जाते. म्हणून स्टाइलशीटमध्ये नुसते नाव देऊन 'इमेज-यूआरएल' ही आज्ञा वापरायची. खुणेसह पत्ता रेल्स भरते. २०२४ च्या आठव्या आवृत्तीपासून नव्या प्रकल्पांत 'प्रॉपशाफ्ट' हा भाग साधे पत्तेही स्वतःच बदलून घेतो. आम्हांला हीच रीत सरस वाटते.

चित्र तरीही दिसत नसेल, तर एफ-१२ दाबून 'नेटवर्क' यादी पाहावी. ४०४ हा आकडा ज्या ओळीवर असेल, तिथे ब्राउझरने कोणत्या पत्त्यावर दार ठोठावले ते पूर्ण लिहिलेले असते.