पडद्यावरची गोळी कशी लागते?

लहानपणी जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या वाचकांना आठवत असेल. खलनायकाने पिस्तूल झाडले की नायकाचा मित्र (गोळी बहुधा मित्रालाच लागे) दोन्ही हातांनी छाती घट्ट धरी, म्हाताऱ्या आईला सांभाळायला सांगून झाले की मान टाकी, आणि हात बाजूला पडल्यावर सदऱ्यावर तांबडा डाग दिसे. आम्हा पोरांना त्यातली गोम दोन-चार खेळांनंतर कळली. रंगाची पुडी त्याच हातात असायची आणि छाती धरण्याच्या निमित्ताने ती दाबून फोडायची असायची. गावच्या गणपतीतल्या नाटकातही हीच युक्ती होती. फक्त तेथे रंगाऐवजी कुंकवाचे पाणी असे, आणि धोतराचा डाग निघत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी घरोघरी बोलणी खावी लागत.

पुढे अमेरिकेत आल्यावर टेलिव्हिजनवर 'बॉनी अँड क्लाइड' पाहिला आणि छाती धरायला वेळच न मिळणारे मरण प्रथम दिसले. कपडे जणू आतून फुटत होते, चिंध्या उडत होत्या, आणि हात तर दोघांचेही मोकळे होते. मग ही पुडी फोडतो कोण, हा प्रश्न डोक्यात राहिला तो राहिलाच. पुढे त्या विषयावर मिळेल ते वाचत गेलो.

पुडी फोडणाऱ्या वस्तूला इंग्रजीत स्क्विब म्हणतात. शब्द जुना आहे. मूळ अर्थ लहानसा फटाका. भिजून न फुटणाऱ्या स्क्विबवरून इंग्रजांनी जी म्हण केली तिला आपल्याकडे 'फुसका बार' हा तंतोतंत जोड शब्द आहे. आपल्या लवंगी फटाक्याच्याच कुळातली ही वस्तू, मात्र ती वातीने पेटत नाही, विजेच्या तारेने पेटते. स्फोटक अगदी चिमूटभर. ती नटाच्या कपड्याखाली लावायची, तिच्यावर नकली रक्ताची पिशवी ठेवायची, आणि दूर बसलेल्या तंत्रज्ञाने बटण दाबले की पिशवी फुटून कापडाला आतून भोक पडते. म्हणजे पडद्यावर आपल्याला गोळी आत शिरताना दिसते, पण प्रत्यक्षात जे काही घडते ते आतून बाहेर. बंदूक झाडणाऱ्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो.

ही सोय येण्यापूर्वी काय करीत असत, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. 'द पब्लिक एनिमी' (1931) या चित्रपटात जेम्स कॅग्नी धावत येऊन एका भिंतीच्या कोपऱ्याआड होतो आणि पुढच्याच क्षणी मशीनगनच्या गोळ्या त्या कोपऱ्याच्या ढलप्या उडवतात. त्या गोळ्या खऱ्या होत्या! त्या काळी स्टुडिओवाले अचूक नेमबाज पगारी बोलावीत आणि नटापासून हातभर अंतरावर नेम धरायला सांगत. 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' (1938) या चित्रपटाच्या वेळी मात्र कॅग्नीने अशा गोळ्यांसमोर उभे राहायला साफ नकार दिला. त्याच्याशिवायच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांतली एक त्याचे डोके जेथे असायचे नेमक्या त्याच जागेवरून गेली, असे त्याने पुढे सांगितले आहे. नकार द्यायला त्याचे नाव मोठे होते म्हणून बरे. लहानसहान नटांना कोण विचारतो?

अंगावर रक्ताची पिशवी स्फोटाने फोडण्याच्या पहिल्या वापराचे श्रेय पुष्कळदा हॉलीवुडला न देता पोलंडला देतात. आंद्रे वायदा या दिग्दर्शकाच्या 'अ जनरेशन' (1955) या युद्धपटात हा प्रयोग झाला. रक्त भरण्यासाठी जी रबरी पिशवी वापरली ती आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या केंद्रात फुकट मिळते तीच. या धंद्यात ती पुढेही अनेक वर्षे टिकली, कारण इतके पातळ, इतके मजबूत आणि इतके स्वस्त दुसरे काही नव्हते.

अमेरिकेत चित्रपटांवर नैतिक नियमांचा जो पहारा होता तो 1968 साली उठला, पण त्याच्या आदल्याच वर्षी आर्थर पेन याने 'बॉनी अँड क्लाइड'मध्ये तो जवळजवळ मोडलाच होता. शेवटचा तो गोळीबार चार कॅमेऱ्यांनी, वेगवेगळ्या गतीने चित्रित केला. फे डनवेचे शरीर मोटारीतून बाहेर लोंबावे पण ती खाली आपटू नये म्हणून तिचा पाय गिअरच्या दांड्याला बांधला होता. वॉरन बीटीच्या डोक्यावरचा एक खोटा तुकडा धाग्याने ओढून उडवला. दोन वर्षांनी सॅम पेकिनपा याने 'द वाइल्ड बंच'मध्ये यावर कडी केली. गोळी समोरून शिरते तशी पाठीतून बाहेरही पडते, म्हणून त्याने नटांना पुढे आणि मागे दोन्हीकडे स्क्विब लावले. मेक्सिकोतल्या त्या चित्रणात सैनिकांचे गणवेश अपुरे पडले, तेव्हा शिंपीकामाची माणसे भोके बुजवून, डाग धुऊन तेच गणवेश पुन्हा पुन्हा घालायला देत. 'द गॉडफादर' (1972) मध्ये टोलनाक्यावर मरणाऱ्या सनीच्या, म्हणजे जेम्स कानच्या अंगावर शंभराहून अधिक स्क्विब होते. असे दृश्य दुसऱ्यांदा घ्यायचे तर नवे कपडे, नव्या तारा आणि तासन्‌तास तयारी लागते. म्हणून सगळ्यांचा जीव 'पहिल्यातच जमू दे' यावर टांगलेला असतो.

एवढे सगळे छातीवर फुटते तर माणूस भाजत कसा नाही? याचे उत्तर थरांत आहे. स्क्विबच्या मागे धातूची पट्टी असते, तिच्यामागे चामड्याची किंवा तशाच जाड कापडाची गादी, आणि मगच अंग. स्फोटाला मागे जायला वाटच नाही, तो पुढेच जातो. पुढचे कापड आधीच आतल्या बाजूने घासून झिरझिरीत केलेले असते, म्हणजे थोडक्या जोरात ते फाटते. तोंड, गळा, उघडी कातडी यांच्याजवळ स्क्विब लावायचा नाही. नटाने हात छातीकडे न्यायचा नाही. आमच्या तंबूतला मित्र येथे पहिल्याच दिवशी बोटे भाजून घेता! तारा पायजम्याच्या आतून पायाशी येतात. त्यांची टोके एकमेकांना पिळून ठेवतात, म्हणजे भटक्या विजेने अपघात होऊ नये. बिनतारी यंत्रे जवळ आणू देत नाहीत. तार पेटीला जोडायची ती सर्वांत शेवटी, कॅमेरा तयार झाल्यावर, आणि जोडणारा एकच. कॅलिफोर्नियात हे काम करणाऱ्याला अग्निशमन खात्याचा परवाना लागतो.

रक्ताची गोष्टही मोठी गमतीची आहे. कृष्णधवल काळात रंगाची चिंता नव्हती. हिचकॉकच्या 'सायको'त (1960) न्हाणीघरात वाहते ते चॉकलेटचे सरबत आहे. रंग आल्यावर खरे रक्त दिसायला जितके पटते तितके नकली पटेना. इंग्लंडात 'केन्सिंग्टन गोअर' या नावाचे नाटकी रक्त प्रसिद्ध झाले. लंडनच्या एका रस्त्याच्याच नावावर केलेला तो विनोद. अमेरिकेत डिक स्मिथ या रंगभूषाकाराने मक्याच्या साखरेचा पाक आणि खाण्याचे रंग घेऊन जे मिश्रण बसवले तेच पुढे सगळ्यांनी उचलले. मात्र ते कापडावर नीट पसरावे म्हणून त्यात छायाचित्रे धुण्याचे एक द्रावणही असे आणि ते विषारी, म्हणून तोंडातून रक्त यायचे असेल तेव्हा वेगळे करावे लागे.

भिंतीवर किंवा जमिनीवर आपटणाऱ्या गोळ्यांत एक ओळखीची गोष्ट भेटते. भिंतीत भोक पाडून स्क्विब बसवतात, वरून गिलावा आणि रंग करतात, आणि जो धुरळा उडतो तो मुलतानी मातीचा! आपल्या आया-बहिणी जी चेहऱ्याला लावतात तीच. हल्ली पुष्कळ ठिकाणी स्क्विबही लागत नाही. दाबलेल्या हवेच्या बंदुकीने मातीने भरलेली लहानशी कॅप्सूल भिंतीवर मारली की तोच परिणाम साधतो.

आता या सगळ्यातली उलटी गोष्ट पाहा. छातीवर स्फोटक बांधणे ऐकायला भयंकर. पण ज्या मृत्यूंनी हा धंदा हादरला ते स्क्विबमुळे झाले नाहीत. ते झाले बंदुकीमुळे, 'हिच्यात गोळी नाही' असे सगळ्यांना वाटत होते त्या बंदुकीमुळे.

ब्लँक म्हणजे पुढे गोळी नसलेले काडतूस. दारू मात्र खरी, आणि तिचा वायू नळीतून त्याच जोराने बाहेर येतो. 1984 च्या ऑक्टोबरात जॉन-एरिक हेक्सम या तरुण नटाने एका मालिकेच्या चित्रणात, थांबून थांबून कंटाळल्यावर, थट्टेने ब्लँक भरलेले पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हतीच. पण त्या धक्क्याने कवटीचे हाड फुटून मेंदूत शिरले आणि काही दिवसांनी तो गेला.

ब्रूस ली याचा मुलगा ब्रँडन ली 31 मार्च 1993 रोजी 'द क्रो' या चित्रपटाच्या सेटवर गोळी लागून गेला, वय 28. त्याची हकिकत सावकाश वाचण्यासारखी आहे. कॅमेऱ्याला जवळून दिसावीत म्हणून काही काडतुसांतली दारू काढून टाकून पुन्हा गोळ्या बसवल्या होत्या. पण मागची ठिणगी पाडणारी टोपी तशीच राहिली. केव्हातरी चाप ओढला गेला, त्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली, आणि कोणी नळीत डोकावून पाहिले नाही. पुढे त्याच पिस्तुलात ब्लँक भरले. ब्लँकने अडकलेली गोळी ढकलली. एकीकडे गोळी होती, दुसरीकडे दारू होती, दोन्ही निरनिराळ्या दिवशी आत गेली. त्या दृश्यात त्याच्या हातातल्या पिशवीत स्क्विबही बसवला होता, त्यामुळे तो पडला तेव्हा ते नाटकच आहे असे भोवतीच्यांना वाटले.

यानंतर नियम आणखी कडक झाले. स्टुडिओ आणि कामगार संघटनांच्या सुरक्षा समितीचे पहिलेच पत्रक बंदुकांविषयी आहे. ब्लँकने माणूस मरू शकतो, प्रत्येक बंदूक भरलेली समजा, आणि खरी काडतुसे सेटवर आणूच नका, असे ते सांगते. तरीही 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या चित्रपटाच्या तालमीत ॲलेक बाल्डविन याच्या हातातल्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली. छायाचित्रकार हलीना हचिन्स ठार झाली, दिग्दर्शक जखमी झाला. दिखाऊ काडतुसात बहुधा एक छोटा छर्रा घातलेला असतो, म्हणजे कानाशी हलवले की ते खुळखुळते. खरे खुळखुळत नाही. प्रत्येक काडतूस हलवून पाहायला किती वेळ लागतो? शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीला 2024 साली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविनवरचा खटला त्याच वर्षी, पुरावा दडवल्याच्या कारणावरून, मध्येच निकालात निघाला.

आपल्याकडेही असे थोडक्यात निभावलेले प्रसंग आहेत. 'शोले'च्या (1975) चित्रणात धर्मेंद्रच्या बंदुकीतून खरी गोळी सुटून आपल्या कानाजवळून सूं करीत गेली, असे अमिताभ बच्चन यांनी टेलिव्हिजनवर सांगितले. आपण ऐकून हसतो, कारण ते सांगायला राहिले.

'रस्ट'नंतर लगेचच 'द रुकी' या पोलिसांवरील मालिकेने ठरवले की नळीतून काहीही जाळ निघणारी बंदूक नको; हवेची खेळण्यातली बंदूक घ्यायची आणि जाळ मागाहून संगणकावर काढायचा. रक्तही संगणकावर येऊ लागले आहे. डेव्हिड फिंचर याने 'झोडियाक'मध्ये (2007) ते केले, कारण त्याला एकेक दृश्य पुष्कळदा घेण्याची सवय, आणि दर वेळी कपडे बदलण्यात दिवस जातो. माझे मत विचाराल तर बंदुकीच्या जागी खेळणे यावे, अवश्य यावे. पण संगणकाचे रक्त अजून तितके पटत नाही. स्क्विब फुटल्यावर नट जो दचकतो तो खरा दचकतो.

हाच खटाटोप फौजेच्या शिक्षणातही चालतो, आणि तेथे प्रेक्षक नसतात. अमेरिकन सैन्यात 1980 च्या सुमारास 'माइल्स' नावाची पद्धत आली. बंदुकीला डोळ्यांना अपाय न करणाऱ्या लेसरची पेटी, शिपायाच्या पट्ट्यावर आणि शिरस्त्राणावर तो किरण टिपणारे ठिपके. ब्लँक झाडले की किरण सुटतो. जवळून गेला तर क्षणभर आवाज, लागला तर कर्कश, न थांबणारा. तो थांबवायचा तर स्वतःच्या बंदुकीच्या पेटीतली पिवळी किल्ली काढून पट्ट्यात घालावी लागे, आणि किल्ली काढताच बंदूक निकामी. म्हणजे 'मला लागलीच नाही' हे गल्लीतल्या चोर-शिपाई खेळातले भांडण मुळातच मिटले. नंतर खिशातले कार्ड उघडायचे. कोठे जखम झाली ते त्यावर छापलेले, आणि सोबत्यांनी त्याप्रमाणे मलमपट्टी करायची.

जखमी होण्याचेही शिक्षण असते. इंग्लंडात सरे परगण्यातल्या लेदरहेड येथे 1942 साली, बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत, 'कॅझ्युअल्टीज युनियन' ही संस्था निघाली. तिचे स्वयंसेवक नकली जखमा रंगवून ढिगाऱ्याखाली पडून राहात, आणि कोणत्या जखमेचा माणूस कसा कण्हतो, कसा श्वास घेतो, हे शिकून तसेच वागत, म्हणजे मदतीला येणाऱ्यांना खरा सराव व्हावा. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'च्या (1998) समुद्रकिनाऱ्यावरच्या दृश्यात ज्यांचे हातपाय खरोखरच गेलेले आहेत अशी माणसे घेतली होती. तशी माणसे आज लष्करी डॉक्टरांच्या सरावातही मदत करतात.

पण इतके हुबेहूब कण्हणारी माणसे मैदानात पसरलेली असताना एखाद्याचा पाय खरोखरच मोडला तर? ब्रिटिश सैन्यात त्यासाठी बिनतारीवर दोन शब्द ठरलेले आहेत, 'नो डफ'. ते कानावर पडले की सराव तेथल्या तेथे थांबतो आणि खरी रुग्णवाहिका निघते.