अणूच्या ठोक्याचे घड्याळ

पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र सोडीत. त्या तांब्याच्या वाटीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असे. त्यातून पाणी शिरून वाटी बुडाली, की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे समजत. छिद्रात गाळ साचला, तर वाटी उशिरा बुडे आणि घटका लांबे. मग ते छिद्र साफ करावे लागे. आजच्या अणुघड्याळाचीही अशीच निगा राखावी लागते.

रुबिडियम हा चांदीसारखा दिसणारा मऊ धातू आहे. त्याच्या एका जातीचा अणू सेकंदास ६ अब्ज ८३ कोटी ४६ लक्ष ८२ हजार ६१० कंपनांच्या लहरीस नेमका प्रतिसाद देतो. साताऱ्यातील अणू आणि सांगलीतील अणू यांत तिळमात्र फरक नसतो. हाताने घडविलेल्या लंबकास ही समता कोठून येणार!

यंत्रात रुबिडियमचा एक लहान दिवा असतो. त्याचा प्रकाश रुबिडियमची वाफ भरलेल्या काचकुपीतून जाऊन पलीकडच्या प्रकाशमापकावर पडतो. कुपीवर सोडलेल्या लहरी अणूच्या कंपनांशी जुळल्या, की प्रकाश किंचित मंदावतो. ही खूण पाहून यंत्र आपल्या गारेच्या स्फटिकाला ताळ्यावर आणते, आणि तो स्फटिक सेकंदास बरोबर १ कोटी कंपने देतो. मात्र कुपीत आणखी एक वायू भरलेला असतो. त्याच्या धक्क्यांनी अणूची कंपने थोडी सरकतात. म्हणून प्रत्येक यंत्र वेगळे जुळवावे लागते.

दूरध्वनीच्या मनोऱ्यांवरून काढलेली अशी यंत्रे हौशी तंत्रज्ञांना स्वस्तात मिळतात. यंत्र जुळत नसेल, तर प्रथम वीजपुरवठा व उष्णता तपासावी. कित्येकदा दोष एवढाच असतो. नंतर दिवा पाहावा. जुन्या दिव्यात रुबिडियम काचेवर नको तेथे जमते व प्रकाश मंद होतो; बेताने ऊब दिल्यास ते पसरून दिवा पुन्हा उजळतो. दिवा चांगला असूनही यंत्र जुळले नाही, तर वयोमानाने स्फटिकच आवाक्याबाहेर गेलेला असण्याचा संभव असतो. काचकुपी मात्र फोडू नये. रुबिडियम हवेत पेटते आणि पाण्याशी त्याचा भडका उडतो.

जुळलेले यंत्र कित्येक तास तापू द्यावे. नंतर उपग्रहाकडून येणाऱ्या सेकंदाच्या ठोक्याशी त्याची तुलना करावी. उपग्रहाचा एकेक ठोका थोडा मागेपुढे होतो, म्हणून घाई उपयोगाची नाही. निदान एक दिवस नोंदी घ्याव्यात. दिवसात एक सेकंदाच्या दशलक्षांशाएवढा फरक पडला, तर चूक सुमारे ८६ अब्ज भागांत एक भाग होय. कुपीभोवतालच्या तारेच्या वेटोळ्यातील चुंबकत्व एका लहान पेचाने किंचित बदलले, की तीही निघते. पेच अगदी थोडा फिरवावा आणि पुन्हा एक दिवस थांबावे.

एवढ्या सूक्ष्म चुकीची चिंता कशासाठी? सेकंदाच्या दशलक्षांशात प्रकाश ३०० मीटर जातो. उपग्रहाचे घड्याळ तेवढे चुकले, तर कोयनेच्या जलाशयातील नावाड्याचे ठिकाण काठावर दाखविले जाईल!

भारताच्या 'नाविक' मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. त्यावरील तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळे बंद पडली आणि एरवी शाबूत असलेला उपग्रह स्थान सांगण्यास निरुपयोगी ठरला. तेथे दिवा ऊबवावयास किंवा पेच फिरवावयास कोण जाणार? त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाठविलेला उपग्रह अग्निबाणाचे आवरण न सुटल्यामुळे वाया गेला. १२ एप्रिल २०१८ रोजी दुसरा पोचला. पुढे २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहावर भारतातच बनविलेले रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले.