पडक्या घरांचे धनी कोण?

पावसाळा तोंडावर आला की पणजी, मडगाव, म्हापसा येथील मोडकळीस आलेल्या घरांच्या मालकांना नोटिसा जातात आणि पावसाळा सरला की त्या दप्तरात बांधल्या जातात. घर जागच्या जागी असते. भिंतीत रुजलेला पिंपळ तेवढा हातभर वाढतो. ज्याच्या नावे नोटीस निघाली तो गृहस्थ कित्येकदा केव्हाच निवर्तलेला असतो आणि त्याचे वारस मुंबई, लिस्बन, लंडन व आखाती देशांत विखुरलेले असतात.

या दुरवस्थेचे खापर केवळ मालकांच्या अनास्थेवर फोडणे सोपे आहे. परंतु तिचे मूळ मालकीच्या गुंत्यात आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्याने मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसांचा हिस्सा राखून ठेवला. वडिलोपार्जित मिळकतीत कन्येला पुत्राइतकाच हक्क देशभर मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले, हे ध्यानी घेतले म्हणजे या कायद्याचे मोल कळते. पण जितके वारस तितक्या सह्या! तीन पिढ्या वाटणी झाली नाही की एका घराला वीस-पंचवीस धनी होतात आणि कौले परतण्याचा खर्च मात्र कोणाच्याच वाट्याचा नसतो.

वास्तविक कोणाही हिस्सेदारावर एजमालीत राहण्याची सक्ती नाही. २०१२ साली विधानसभेने संमत केलेल्या वारसा व इन्व्हेंटरीविषयक कायद्यातही हिस्सेदारांनी आपापसांत बोली लावून घर एकाच्या नावे करण्याची सोय आहे. तरीही कोर्टाची पायरी चढण्यास कोणी धजत नाही. भावाभावांत वितुष्ट येईल ही एक भीती. शिवाय जमिनीचा भाव दरसाल चढतोच आहे, मग घाई कशाला, हा दुसरा हिशेब. या थांबण्याची किंमत काय, हे २०२२ साली दिसले. परगावी राहणाऱ्या मालकांच्या मिळकती बनावट दस्तऐवजांच्या आधारे लाटल्या गेल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले.

भाडेकरू असलेल्या घरांची गोष्ट वेगळी, आणि तिचा धडा मुंबईने दिला आहे. १९४७ च्या कायद्याने तेथील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाकडे दिले. अशा इमारती होत्या १९,६४२. मंडळाने अनेकांचे प्राण वाचविले, यात शंका नाही. परंतु भाड्याचे मूळ दुखणे तसेच राहिले. कालौघात त्या तरतुदी अन्यायकारक ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयालाही १९९७ साली सांगावे लागले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण दगावले. ठिगळे लावून इमारत फार काळ उभी राहत नाही.

इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने वेगळी वाट काढली. दीर्घकाळ रिकामे राहिलेले घर स्थानिक संस्था न्यायाधिकरणाच्या संमतीने ताब्यात घेऊ शकते, दुरुस्त करून भाड्याने देऊ शकते आणि भाड्यातून खर्च वसूल करू शकते. मालकी मालकाचीच राहते. गोव्यासाठी हीच वाट उचित, असे आमचे मत आहे. पणजी महानगरपालिकेने प्रथम कुलूपबंद घरांची नोंदवही करावी. ठराविक मुदतीत वारस पुढे आले नाहीत, तर घर सावरण्याचा आणि तो खर्च मिळकतीवर बोजा म्हणून चढविण्याचा अधिकार तिला असावा. वाटणी झाली की हिशेबासह घर परत.

जुंता हाउससारखी स्वतःची इमारत ज्या सरकारला राखता आली नाही, त्याच्या हाती लोकांची घरे कशी द्यावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच जमाखर्च दरवर्षी जाहीर व्हावा आणि ताबा किती वर्षांचा हे कायद्यातच लिहिलेले असावे. भाडेकरूला दुरुस्तीसाठी बाहेर काढताना परत येण्याची हमी तोंडी नव्हे, नोंदणीकृत कागदावर द्यावी. नाहीतर तो पडक्या छपराखालून हलणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येणार नाही.