न बदललेली पेठ

इंग्लंडमधल्या बहुतेक गावांत ‘हाय स्ट्रीट’ नावाचा एक रस्ता असतो. यातल्या ‘हाय’चा उंचीशी काही संबंध नाही. गावातला मुख्य, मानाचा रस्ता तो हाय स्ट्रीट. आपण ज्याला ‘पेठ’ म्हणतो, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना. दुकानं, खाणावळी, बाजार, शाळा, भेटीगाठी, गप्पा सगळं इथंच. मात्र अलीकडे तिथल्या पुष्कळशा हाय स्ट्रीट एकाच छापाच्या वाटतात. तीच नावाजलेली दुकानं, त्याच पाट्या. म्हणूनच विल्टशर परगण्यातल्या लेकॉक गावची पेठ पाहताना माणूस थबकतो.

लेकॉक हे चिपनहॅम शहराजवळचं, एव्हन नदीकाठचं लहानसं गाव. हाय स्ट्रीट, तिला समांतर जाणारी चर्च स्ट्रीट आणि या दोघींना जोडणाऱ्या ईस्ट स्ट्रीट आणि वेस्ट स्ट्रीट, एवढ्या चार रस्त्यांत गावाचा जुना भाग संपतो. सावकाश चाललं तरी अर्ध्या तासात फेरी पुरी होते. मला मात्र निम्मा दिवस लागला. कारण इथलं प्रत्येक घर थांबवून काहीतरी सांगू पाहतं.

गोष्ट सुरू होते तेराव्या शतकात. सॉल्झबरीची काउंटेस एला हिनं नवऱ्याच्या मृत्यूनंतर १२३२ साली इथं जोगिणींचा मठ स्थापला आणि पुढं ती स्वतःच त्या मठाची प्रमुख झाली. मठाच्या आश्रयानं गावात बाजार भरू लागला. हाय स्ट्रीट एवढ्याशा गावाच्या मानानं चांगली रुंद आहे, ती या बाजारासाठीच. रस्त्याच्या पूर्व टोकाला चौदाव्या शतकातलं एक प्रचंड कोठार आजही उभं आहे. कुळांनी मठाला द्यायचा खंड रोख पैशांत नव्हे, तर धान्य, कातडी, लोकर अशा जिनसांत यायचा, तो इथं साठवला जाई. आत शिरून वर पाहावं. छताला तोलणाऱ्या अजस्र वाकड्या तुळया पाहून मान दुखेपर्यंत नजर खाली येत नाही. कोठाराला लागूनच अठराव्या शतकातली दगडी, घुमटाची, बिनखिडकीची कोठडी आहे. पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांची रात्र तिथं जायची! एका कोपऱ्यात धान्य आणि शेजारी कैदी, असा हा व्यवहारी गावगाडा.

लोकरीच्या धंद्यानं गावाला बरकत आली. त्या पैशातून घरं उभी राहिली. लाकडी सांगाडा आणि मधल्या जागेत काटक्या विणून त्यावर मातीचा लेप, म्हणजे आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंतीची जातभाईच. चर्च स्ट्रीटवरच्या एका घराची रचना तर बाहेरूनच दिसते. वाकड्या झाडाचा बुंधा उभा चिरायचा, त्याच्या दोन फाका एकमेकींना टेकवायच्या आणि त्यावर अख्खं घर पेलायचं. अठराव्या शतकात विटांची फॅशन आली, तेव्हा काहींनी जुन्या घराला पुढून नवा विटांचा चेहरा चढवला. हाय स्ट्रीटवरच्या ‘रेड लायन’ या पबचा विटांचा दर्शनी भाग त्याच काळातला. दगड, लाकूड, वीट सारं एका ओळीत, आणि कुठंही खटकत नाही.

मग हे सगळं टिकलं कसं? कुणी जपायचं ठरवलं म्हणून? सुरुवातीला तरी तसं नव्हतं. आठव्या हेन्रीनं मठ बंद केले, त्यात १५३९ साली लेकॉकचाही मठ गेला. विल्यम शेरिंग्टननं तो विकत घेऊन त्याचं राहतं घर केलं आणि पुढं लग्नसंबंधातून ही मालमत्ता टॅलबट घराण्याकडं आली. मठाबरोबर गावातली घरंही या घराण्याच्या ताब्यात होती. पुढं यंत्रयुगात लोकरीचा धंदा दुसरीकडं गेला, गावाची भरभराट ओसरली. जुनं पाडून नवं बांधायला लोकांच्या हाती पैसा नव्हता आणि घर आपलं नसल्यानं तशी मुभाही नव्हती. गरिबी आणि एकाच मालकाची सत्ता, या दोघींनी मिळून ही पेठ राखली. आज आपल्याला जे सुंदर वाटतं, त्यात कुणाची तरी चणचण मुरलेली आहे.

याच घराण्यातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटनं १८३५ साली मठाच्या एका खिडकीचं चित्र कागदावर उमटवलं. ते कॅमेऱ्यानं घेतलेलं आजवर टिकलेलं सर्वांत जुनं निगेटिव्ह मानलं जातं. त्याची नात मटिल्डा टॅलबट. महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, तिनं मठ आणि गावातली बहुतेक घरं नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली. माझ्या मते या पेठेच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हाच. एकेक घर वेगवेगळ्या गिऱ्हाइकाला विकलं असतं, तर तिला पैसाही मिळाला असता. पण पेठ मात्र विखुरली असती.

आता गंमत पाहा. न बदलण्यामुळंच गाव प्रसिद्ध झालं. बीबीसीनं १९९५ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची मालिका केली, तेव्हा कादंबरीतलं मेरिटन म्हणून ही हाय स्ट्रीट निवडली. मग ‘क्रॅनफर्ड’ आलं, हॅरी पॉटर आला. एके काळी बाजाराला येणारी गर्दी आता सहलीला येते.

पण लेकॉक म्हणजे चित्रीकरणासाठी उभारलेला देखावा नव्हे. या घरांत भाडेकरू राहतात. एका उंबऱ्याशी घरगुती मुरंब्याच्या बरण्या आणि पैसे टाकायला एक डबा ठेवलेला दिसला. विकायला कुणीही नव्हतं. पलीकडं खिडकीच्या काचेला नाक लावून पाहुणे आत डोकावत होते आणि आतल्या बाईंनी शांतपणे पडदा ओढून घेतला. राहणाऱ्यांना सोसावा लागतो तो हा भुर्दंड. भिंतीत साधा फेरफार करायचा तरी मालक संस्थेला विचारायचं, आणि स्वतःचं घर पाहुण्यांच्या छायाचित्रांत कायमचं कैद!

तरीही मला वाटतं, सौदा वाईट नाही. रिकाम्या पेठेचं स्मारक होतं, आणि माणसं भरमसाठ पैसा ओतू लागली की तिचं प्रदर्शन होतं. दोन्हींच्या मधे, चूल पेटती ठेवून जुनं जपायचं, हे अवघड काम लेकॉकनं साधलं आहे. घर टिकवायला दगड-लाकूड लागतंच. पण त्याहून जास्त लागतो, तो त्या घरात संध्याकाळी दिवा लावणारा माणूस.