लढाऊ यंत्रमानवाची बॅटरी

‘यंत्रमानव’ हा शब्द ऐकला की हातपाय असलेली लोखंडी बाहुली डोळ्यांपुढे येते. लढाऊ यंत्रमानवात मानवासारखे काहीच नसते. ती असते चाकांवरची एक बसकी पोलादी पेटी. पुढ्यात गरगर फिरणारे पाते, आणि दूर उभा राहून बिनतारी यंत्राने तिला चालविणारा एखादा विद्यार्थी. मुंबईच्या आय. आय. टी.च्या टेकफेस्ट उत्सवात अशा पेट्यांची झुंज लावतात. माळेगावच्या यात्रेतील कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रकार समजावून सांगावयास नको. येथेही वजनाचे गट असतात, आणि फेरी बहुधा तीन मिनिटांत आटोपते.

नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली निघाले. लातुरातही अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. तेथील मुलांना या खेळाचे वेड लागावे यात नवल नाही. पण पोलाद कोणते, मोटार कोणती यावर महिनोन्‌महिने खल होतो आणि बॅटरी मात्र शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत घेण्याकडे कल असतो. आमच्या मते तिचा विचार सर्वांत आधी झाला पाहिजे. कारण पैसा बहुधा बापाच्या सोयाबीनचा असतो, आणि चुकीची बॅटरी हरविते एवढेच नव्हे, वसतिगृहाच्या खोलीत आगही लावते.

बॅटरीवर दोन गोष्टी पाहावयाच्या: तिच्यात साठा किती, आणि तो किती वेगाने बाहेर येतो. लातूरकरांना हा भेद चटकन कळेल. २०१६ साली मिरजेहून पाण्याच्या आगगाड्या आल्या, तेव्हा टाकीत पाणी असणे वेगळे आणि घरच्या नळाला धार येणे वेगळे, हे त्यांनी अनुभवले आहे. साठा अँपिअर-तासांत मोजतात, धार अँपिअरमध्ये. यंत्रमानवाला साठा थोडा पुरतो, पण धार जबर लागते.

हिशेब करून पाहू. पंधरा किलो वजनाचे यंत्र घेऊ. समजा, चाकांच्या मोटारी मिळून सरासरी २० अँपिअर ओढतात आणि पात्याची मोटार ३०. एकूण ५०. तीन मिनिटे म्हणजे तासाचा विसावा भाग. तेव्हा खर्च झाला अडीच अँपिअर-तास. बॅटरी तळापर्यंत उपसू नये, चार पंचमांशावर थांबावे. म्हणजे तीनाच्या वर गेलो. पुढे ती जुनी होणार, म्हणून चार धरावे. येथवर सोपे आहे. परंतु पाते अडकले, चाके जाम झाली, की मोटारी सरासरी विसरतात. त्या क्षणी १५० अँपिअरची मागणी येते, आणि बहुतेक बॅटऱ्या तेथेच गुडघे टेकतात.

गंजगोलाईत किंवा वजिराबादेत संगणकाच्या यू. पी. एस.ची शिशाची बॅटरी सहज मिळते: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास. ती स्वस्त आहे, म्हणून मोह होतो. पण एकीचे वजन दोन किलोंच्या वर. दोन जोडल्या तर यंत्राचे जवळजवळ एक तृतीयांश वजन त्यांतच गेले. शिवाय तो सात हा आकडा वीस तास सावकाश उपसण्याचा आहे. तिच्याकडे ५० अँपिअर मागा. ती तीन मिनिटेही धड तग धरणार नाही.

म्हणून लिथियम पॉलिमर बॅटरी घेतात. तिच्या एका घटाचा दाब नाममात्र ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. सहा घट एकापुढे एक जोडले की २२.२ व्होल्ट होतात, आणि चार अँपिअर-तासांचा असा संच एक किलोच्या आत बसतो. त्यावर ‘५० सी’, ‘७५ सी’ असे काही छापलेले असते. अर्थ इतकाच, की साठ्याच्या तितक्या पटीने अँपिअर मिळतील. चार गुणिले ७५, म्हणजे ३००. विक्रेत्याच्या या आकड्यावर आम्ही निम्मा विश्वास ठेवतो. निम्मे १५० होतात. आपल्याला हवे तेवढेच. खरी परीक्षा मात्र आतल्या रोधाची. संचाचा रोध एका ओहमचा पन्नासावा भाग असला, तरी १०० अँपिअर वाहताना दोन व्होल्ट आतच गळतात आणि २०० वॅट उष्णता बॅटरीच्या पोटात निर्माण होते. जुनी बॅटरी फुगते ती याच तापाने. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. तिच्यावर दया दाखविण्यात अर्थ नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणून तिची एक शांत स्वभावाची बहीण आहे. घटाला ३.२ व्होल्टच देते, वजनाने जड आहे, पण सहसा पेट घेत नाही. नवख्या संघाने, वजन परवडत असेल तर, सरावासाठी हीच घ्यावी.

आता चार्जर. लिथियमचा चार्जर आधी ठराविक अँपिअर देतो, आणि घट ४.२ व्होल्टला पोहोचला की दाब तेथेच धरून प्रवाह हळूहळू आटवतो. सहा घटांपैकी एखादा पुढे धावू नये म्हणून बारीक तारांच्या वेगळ्या जोडणीने प्रत्येकाचा दाब सारखा राखतो. ती जोडणी लावल्यावाचून चार्जिंग करू नये. चार अँपिअर-तासांच्या बॅटरीला चार अँपिअर द्यावे. सव्वा तासात भरते. त्यासाठी चार्जर १०० वॅटचा हवा. दोन फेऱ्यांच्या मधल्या थोड्या वेळात घाईने भरण्यापेक्षा तीन बॅटऱ्या बाळगणे शहाणपणाचे.

सर्वांत मोठा धोका एका सोयीच्या शब्दात दडला आहे: ‘बारा व्होल्ट’. तीन घटांच्या लिथियम संचालाही लोक बारा व्होल्टची बॅटरी म्हणतात. गॅरेजमधला चार्जर शिशाच्या बॅटरीला १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. तोच या संचाला लावला तर प्रत्येक घटाच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात, आणि पुढे धूर व ज्वाळा. चार्जरवर घटांची संख्या आणि जात दोनदा वाचूनच कळ दाबावी.

तरीही शिशाच्या बॅटरीला आम्ही हद्दपार करणार नाही. वीज गेली की घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कामास येते. बहुतेक चार्जर थेट तिच्यावर चालतात. तिची निम्मी वीज वापरली तरी आपला संच सात-आठ वेळा भरून निघतो. वजन तिचा दोष खरा. पण रिंगणाबाहेर तिला कोण तोलणार?

आपल्या हवेचेही भान हवे. लिथियमच्या बहुतेक घटांना ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये आपण त्या मर्यादेशी येऊन ठेपतो. तेव्हा भरण्याचे काम पहाटे करावे, फरशीवर, गादी-पुस्तकांपासून दूर, आणि समोर बसून. झुंजीहून आलेली बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. शेजारी वाळूची बादली असावी. नांदेडला गोदेची, लातूरला मांजरेची. पेट घेतलाच तर वीज तोडावी आणि आधी माणसे बाहेर काढावीत; तो धूर विषारी असतो. वाळूने ज्वाळा दबते, पण घट आतून तापतच राहतात; ते थंड होण्यास भरपूर पाणी लागते.

मुंबईचा प्रवास रात्रभराचा. बॅटऱ्या पूर्ण भरून नेऊ नयेत, घटाला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, टोकांना चिकटपट्टी लावून न्याव्यात आणि तेथे गेल्यावर भराव्यात. विमानाने जाणाऱ्याने सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, आणि १०० वॅट-तासांच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. आपला संच ८९ वॅट-तासांचा आहे. पाच अँपिअर-तासांचा घेतला असता तर १११ झाले असते. स्पर्धा आटोपल्यावर उरलेला भार पुन्हा ३.८ वर आणून बॅटऱ्या सावलीत ठेवाव्यात, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक घट मोजावा.